चौथा रकाना

डिसेंबरात हापसालूला तीनलाच दिवे लागतात.
विर्वे पेन्सिलीला टोक काढते.
कोडं : लिलावात तिघं, वस्तू तीन.

डॉक्टरची बोली व्हायोलिनहून चढी,
विधवेच्या बोलीहून कमी.
म्हणजे व्हायोलिन खलाशाचं.
फुली, फुली, बरोबरची खूण.
सगळ्यांत महाग गेलं ते बंद घड्याळ,
म्हणजे विधवेनं घेतलं.
डॉक्टरला उरला नकाशा.

सुटलं.
कॉफीवर साय धरलीय.

पण बंद घड्याळापायी
बाई एवढी चढत का गेली?

कडेला विर्वे आणखी एक रकाना आखते : का?
आणि तो तसाच ठेवते.

पार्नूच्या लिलावात एकदा
सख्ख्या बहिणीसमोर
तिलाही हात खाली घेता आला नव्हता.
किटली होती. झाकणसुद्धा नव्हतं तिला.