डाग

आमच्या धंद्यात डाग देणं म्हणजे
गळतं भांडं बुजवणं.
टाकणखार, जस्त, भात्याचा वारा,
आणि हात कधी मागे घ्यायचा ते.
एवढंच मी डॉक्टर अहिररावांना सांगितलं,
त्यांनी विचारलं म्हणून, काका, तुम्ही काय करता.

मग तुम्हाला समजेल, ते म्हणाले.
रोग जाणार नाही. रोगासाठी हे नाहीच.
हे फक्त रक्त थांबवायला. पाच दिवस शेक.
मी विचारलं, थांबलं तर किती दिवस?
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं,
म्हणाले, थांबेल तितके दिवस तिचे.

तोवर घरातली जुनी सुती लुगडी
फाडून फाडून संपली होती.
द्वारका गडदच नेसायची, चॉकलेटी, जांभळं,
दिसू नये म्हणून. मला दिसू नये म्हणून.
मध्यरात्री मोरीत पाणी ओतल्याचा आवाज.
रक्ताला गार पाणीच लागतं, ऊन पाण्यानं ते धरून बसतं,
हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.
एकदा रक्ताची पिशवी चढवली. आठ दिवसांत
तीही मोरीतून गेली.

शालिमारला रिक्षावाले ओरडत होते,
द्वारका, द्वारका, द्वारका!
माझंच नाव घेतायत मेले, ती म्हणाली,
आणि खाली प्लास्टिक अंथरून बसली.
हसली तेव्हा पोट धरलं.

तिथे गांगुर्डे म्हणून एक मुलगी.
तिनं मार्करनं तीन फुल्या काढल्या,
दोन कुशींना, एक बेंबीखाली.
मावशी, आंघोळीत पुसू नका हां.
आम्हीही काढतो खूण, खडूनं.
भोक शोधायला भांडं उन्हाकडे धरतो
आणि आत बघतो,
काळोखात एक बारीक तारा दिसतो. तिथे.

मग सगळे बाहेर आले, ती एकटी आत.
हातभर जाडीचं दार.
पडद्यावर मला फक्त तिची पावलं दिसली,
जोडवी, आणि डाव्या टाचेची भेग.
भाता नाही, आच नाही, ठोका नाही.
काहीतरी गुणगुणलं आणि थांबलं.
झालं? म्हटलं. झालं, म्हणाली गांगुर्डे.
आमच्यात असं बिनआवाजाचं काम
कुणी पैसे देऊन घेणार नाही.

पहिल्या दिवशी काही नाही.
दुसऱ्या दिवशी इतकं गेलं
की मी तांबट लेनच्या तोंडाशी रिक्षा शोधत धावलो.
चौथ्या दिवशी तपकिरी.
शेक संपला त्याच्या तिसऱ्या दिवशी
तिनं मला मोरीतून हाक मारली,
लग्नाला चाळीस वर्षं झाली, मोरीतून हाक पहिलीच,
आणि घडी हातात दिली.
मी ती खिडकीत उन्हाकडे धरली. सवयीनं.
काही नव्हतं. सूत होतं.

रंगपंचमीला तिनं पिस्ता रंगाची साडी मागितली.
रहाड उघडली होती, पोरं धप्पाधप उड्या मारत होती.
उंबऱ्यावर उशी ठेवून तिला बसवलं.
निथळत आलेल्या एका पोरानं अंग झटकलं,
केशरी शिंतोडे थेट निऱ्यांवर.
शेजारच्या वडनेरेवहिनी पाणी घेऊन धावल्या.
राहू द्या, द्वारका म्हणाली,
हा बाहेरचा आहे.

कंबर दुखते अजून. भाकरी अर्धी जाते.
वजनाचं आम्ही बोलत नाही.

काल सातपूरहून एक बाई हंडा घेऊन आली.
बुडाशी डाग दिला, घासला, परत केला.
तिनं बोट फिरवून पाहिलं.
टिकेल ना हो? परत गळायचा नाही ना?

एरवी मी म्हणतो, दहा वर्षं बघायला नको.
काल म्हटलं,
आत्ता गळत नाहीये, बाई.
घरी न्या. पाणी भरा.