श्वास धरा

एक्स-रेचं जुनं मशीन भंगारात निघालं
तेव्हा गाडेवाला किलोनं घेत होता.
म्हटलं, पुढचं पॅनेल तेवढं मला दे.
बत्तीस वर्षं या बटणांवर माझा अंगठा होता,
'छाती'वरचं अर्धं अक्षर त्यानंच पुसलंय.
साडेतीनशे रुपये, वर एक चहा.

आता ते मिरजेत, आमच्या मागच्या खोलीत,
गव्हाच्या पिंपाशेजारी
प्लायवूडवर बसवलंय.
'छाती' म्हणजे चाकं.
'मणका' म्हणजे फ्लॅप.
'लहान मूल' आहे, त्याला अजून काम दिलेलं नाही.

थ्रॉटलची मूठ दस्तगीर सतारमेकरनं करून दिली,
तुटक्या घोडीचं हाड तासून.
"तारांखाली होतं ते, आता तुझ्या हाताखाली."
पैशाचं विचारलं तर म्हणाला,
उडेल तेव्हा दाखव.

कधी उडेल ते मलाच माहीत नव्हतं.
वायर लावली. संगणक म्हणाला,
डिव्हाइस ओळखता आलं नाही.
काढली, पिन फुंकली, परत लावली.
ओळखता आलं नाही.
काउंटरवरच्या नव्या पोरानं विचारावं तसं:
आपण कोण?

मगदूमांची श्रुतिका डिप्लोमाला आहे,
संध्याकाळी सायकल लावून यायची.
तळहाताएवढा निळा बोर्ड उलटा करून
माझं सोल्डरिंग बघितलं, नाक मुरडलं.
तिसऱ्या दिवशी स्क्रीनवर आकडे हलले.
पण हात काढला तरी हलतच राहिले,
पाचशे अकरा, पाचशे चौदा, पाचशे नऊ.
दस्तगीर चष्मा वर करून म्हणाला,
"जवारी लागली नाही अजून."
तिला वाटलं, थट्टा.
मग त्यानं सांगितलं, तार कुठं टेकते, कुठं सुटते,
केसाएवढ्या जागेत सगळा आवाज असतो, पोरी.
ती गप्प बसली.
दहा-दहा आकड्यांची सरासरी काढून दिली,
आणि सुई जागेवर उभी राहिली.

चाकांचं मात्र जमेना.
'छाती' दाबली की
चाकं खाली, वर, खाली.
"काका, तुमच्या स्विचातला पत्रा टेकताना उड्या मारतो.
आपण एकदा दाबतो, त्याला तीनदा वाटतं."
"मग?"
"मग थांबायचं. वीस मिलीसेकंद.
तेवढ्यात तो शांत होतो.
त्यानंतर जे असेल ते खरं मानायचं."

मी तिच्याकडे बघत राहिलो.
दिवसाला ऐंशी माणसांना मी हेच तर सांगितलं.
श्वास धरा. हलू नका.
कागवाडकडच्या बायांना कानडीत, उसिर हिडीरी.
चित्रात काय दिसलं ते कधी बोललो नाही,
डॉक्टर सांगतील, म्हणायचो.
मालनची फिल्म धुतली त्या रात्री
जेवताना तिलाही तेच म्हणालो.
डाग जुन्या न्यूमोनियाचा निघाला पुढं,
पण मधले आठ दिवस
ती माझ्या तोंडाकडे बघायची.

रविवारी कवलापूरहून उडालो.
खऱ्या धावपट्टीवर गवत आहे, शेरडं चरतात.
स्क्रीनवर तेवढंही नव्हतं,
श्रुतिकानं अक्षांश-रेखांश टाकून
विमान नुसतं माळावर उभं केलं.
दस्तगीर स्टुलावर, मालन दारात, हातात मेथीची जुडी.
हाडाची मूठ पुढं.
जंक्शनचे रूळ. कृष्णेचं वळण.
आपली गल्ली शोधायला दस्तगीर इतका वाकला
की चष्मा काचेला टेकला.
एकसारखी राखाडी घरं, कुणाचीही.
"असू दे," म्हणाला, "वरून तशीच दिसत असणार."

उतरताना 'छाती' दाबली, एकदाच.
आधी काहीच नाही.
मग तीन हिरवे दिवे.
मागं मेथी मोडायचा आवाज थांबला होता.
वळून बघतो तर मालन
श्वास धरून उभी.
"सोडा," म्हटलं.

ती हसायला लागली, आणि मी परत पुढं बघेपर्यंत
विमान माळ ओलांडून
कुणाची तरी द्राक्षबाग असायला हवी तिथं घुसलेलं.
ब्रेक जोडायचे राहिलेत.
'लहान मूल' रिकामंच आहे.