दुसऱ्या घरचा ळ

गांजाखेतातला ट्रेडल भंगारवाल्यानं नेला तेव्हा
बाबांनी खिळे स्वतःच पोत्यात भरले.
किलोच्या भावात गेलं सारं,
काना, मात्रा, श्री, चि. सौ. कां.
आणि अर्धा रिकामाच असलेला ळ चा खण.

काळबांड्यांकडं लग्न निघालं की ळ पुरत नसत.
मग मी पळायची टिमकीला, हेडाऊंच्या प्रेसमध्ये,
चार ळ उसने आणायची
पुडीत बांधून, हिंगासारखे.
मे महिन्यात ते मुठीतच तापायचे.
परत किती केले, हिशोब राहिला नाही.

आता तिथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे.
काल रुचिका त्याच पायरीवर उभी,
फोनमध्ये स्वतःला बघत बडबडत होती;
मागची पाटी पडद्यावर सगळी उलटी.
"आई, कोणती भाषा वाटून राहिली बघ!"

बाबा पुढं झाले. चष्मा नव्हता.
अंगठा तर्जनीवर घासत
एका दमात वाचलं त्यांनी:
डिस्प्ले बदलून मिळेल, चार्जर, कव्हर,
उधारी बंद.
मग थोडं थांबून,
"मिळेलचा ळ बारीक आहे जी.
दुसऱ्या घरचा दिसते."

रुचिकानं व्हिडिओ लावून दाखवला.
त्यात पाटी सुलटी.
बाबा पहिल्याच शब्दावर अडखळले,
फोन डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला.
"काऊन फिरवलं वं,
चांगलं दिसून राहिलं होतं."