दुसरा परीक्षक

टार्टूतली नदी गोठली त्या आठवड्यात
हेल्वे रौडसेपनं तो छापून आलेला लेख उघडला.
झेब्रामाशाचा तुटका पर पुन्हा कसा उगवतो, त्याबद्दलचा.
लेखाखाली आता एक जास्तीची फाईल:
परीक्षकांचे अभिप्राय, लेखकांची उत्तरं,
संपादकाची पत्रं, तारखांसकट.

दुसरा परीक्षक म्हणजे तीच.
नाव नव्हतं, पण अर्धविराम तिचे,
आणि हे वाक्य:
‘तिसऱ्या आकृतीतल्या पेशी पुन्हा मोजा,
या खेपेला डोळे उघडे ठेवून.’

रात्री दीडला लिहिलेलं. दाढ ठणकत होती.

खाली लिस्बनच्या इनासिया टेलेसचं उत्तर:
‘मोजल्या. सत्तावन्न नव्हेत, एकेचाळीस भरल्या.
आकृती बदलली आहे.
निष्कर्षही थोडा लहान केला आहे. आभार.’

डोळ्यांबद्दल चकार शब्द नाही.

हेल्वेनं चहा केला. तो तसाच निवला.
तीस वर्षं पडद्याआडून बोलली ती;
खरंच बोलली, बहुतेक वेळा.
खरं बोलताना आवाज कसा लागतो
हे मात्र आज पहिल्यांदा ऐकलं.

मग संपादकाला दोन ओळी:
माझं नाव घाला. वाक्य गाळू नका,
त्याला धनी असू दे.

दाढेचं काही लिहिलं नाही.