आठ नंबरची खोली

परभणीच्या बाहेर, वसमत रस्त्याला,
काळ्या रानात प्लॅस्टिकच्या आठ खोल्या.
छप्पर नाही. दार आहे, दाराला कडी.
आत गहू राहतो.

माझं काम साधं.
सकाळी सातला सिलिंडरची चावी फिरवायची,
काटा बघायचा, वहीत आकडा मांडायचा.
एक-दोनमध्ये आजची हवा, आजचं ऊन.
तीन-चारमध्ये हवा आजची, ऊन पुढचं.
पाच-सहात हवा पुढची, ऊन आजचं.
सात-आठमध्ये दोन्ही पुढचं.
म्हणजे अजून न जन्मलेल्या माझ्या नातीच्या
डब्यातली पोळी
तिथं उगवते आहे.

डिसेंबरात सहा नंबर सगळ्यांच्या पुढं.
फुटवे मोजताना बोटं चुकायची.
पान रुंद, काळपट हिरवं, मस्तीला आलेलं.
लिंबाजी म्हणाला, ह्याला खुराक लागू पडला राव.
चाटे मॅडम हसल्या नाहीत.
म्हणाल्या, हात लावून बघा.

कोमट.
एक नंबरचं पान मात्र गार, माठाच्या पोटासारखं.
"हवेतच वाढून ठेवलंय, म्हणून तोंडं मिटून घेतलीत ह्यानं.
पाणी वाचतं खरं.
पण घाम नाही, तर अंग निवणार कसं?"
त्या दिवसापासून मी उलट्या हातानं
एकेका पानाचा ताप बघत जातो.
वहीत त्याला रकाना नाही.

संक्रांत झाली.
दिवस तिळातिळानं वाढतो म्हणतात,
आठ नंबरमध्ये मुठीमुठीनं वाढला.
ओंबी नऊ दिवस आधीच बाहेर.
रात्रसुद्धा गार पडेना तिथं,
दाण्यात चीक उतरतोय न उतरतोय
तोवर निशाणाचं पान पिवळं, काडी वाळून खडखडीत.
घाईत लागलेलं लग्न.
अक्षता पडल्या,
निम्मे वऱ्हाडी अजून जिंतूरच्या फाट्यावर.

मळणीनंतर पोत्यावर बसून
हजार-हजार दाणे मोजले.
एक नंबरचे हजार, एक्केचाळीस ग्रॅम.
सहाचे त्रेचाळीस. लिंबाजीनं मांडीवर थाप मारली.
आठचे तीस.
पोटात गेलेले, सुरकुतलेले,
बाळंतपणातच म्हातारे झालेले.
पुढच्या हवेनं जे दिलं
ते पुढच्या उन्हानं व्याजासकट नेलं,
वर पदरचंही थोडं.

आणि सहाचं?
नमुने पाकिटात गेल्यावर उरलेला शेर-दीड शेर
मी खाजामियाँच्या गिरणीत नेला.
त्यांनी पीठ चिमटीत धरलं, अंगठ्यानं चोळलं,
"दिसायला नंबर एक.
पण कस नाही यात. कुठला म्हणायचा हा गहू?"
काय सांगणार?
म्हटलं, पन्नास वर्षांनंतरचा.
ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले,
मग पट्टा बंद केला.
घरी पोळी लाटताना कडेनं फाटत गेली.
बायको म्हणाली, पाणी कमी पडलं असंल.
प्रयोगशाळेचा कागद महिन्यानं आला.
पाण्याचा दोष नव्हता.

परवा कपाट आवरताना जुनी वही सापडली,
चौदा वर्षांपूर्वीची, माझ्याआधीच्या माणसाचं अक्षर.
तीन नंबर, फेब्रुवारीचा तिसरा आठवडा, दुपारी दोन.
मुद्दाम तापवलेल्या खोलीचा आकडा.
वही तशीच उघडी धरून बाहेर आलो,
आंब्याखालच्या काट्यासमोर उभा राहिलो.
तोच आकडा.
पॉइंटसकट.
अंगावरचा शर्ट मला
एकदम प्लॅस्टिकचा वाटला.

आठ नंबरमध्ये, दारापासून तिसऱ्या ओळीत,
बन्सीच्या जुन्या वाणाचं एक रोप
शेजारी सगळे वाळले तरी हिरवं होतं,
उगाच हट्टाला पेटल्यासारखं.
मॅडमनी त्याला लाल दोरा बांधला.
त्याच्या एका ओंबीत सव्वीस दाणे निघाले, भरलेले.
फार नाहीत.
मी दोनदा मोजले, मग तिसऱ्यांदा,
पाकिटावर नाव घालायला गेलो
तर पेन्सिलीचं टोक मोडलं.
लिंबाजी विळ्यानं ती तासून देईपर्यंत
सव्वीस दाणे मी मुठीत धरून बसलो.
गार होते.