शक्यतेचा रकाना

मी इंजिनं बिघडवतो. कागदावर.
कोलंबस, इंडियाना. डिझेलचा कारखाना.
बारा वर्षं हाच हुद्दा:
काय काय तुटू शकेल याची यादी करायची,
गॅस्केट, वॉशर, एखादा नखाएवढा बोल्ट,
आणि प्रत्येकापुढे आकडे टाकायचे, एक ते दहा.
तुटलं तर किती वाईट, हा पहिला रकाना.
तुटण्याची शक्यता किती, हा दुसरा.
पगार मिळतो याचा.

कैरवी हेच काम फुकट करते.
नऊ वर्षांची आहे.
तिच्या यादीला रकाना एकच.

आई हॉस्पिटलातून सात मिनिटं उशिरा,
म्हणजे पुलावर अपघात.
मॅडिसन हसली, म्हणजे माझ्याच वेणीला.
एक स्पेलिंग चुकलं, म्हणजे मी ढ, आता कायमची.
आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी
वादळाचा भोंगा वाजतो, नुसती चाचणी,
लख्ख उन्हात, अख्ख्या गावाला ठाऊक असलेली,
तेव्हा ही तळघराच्या पायरीवर
बूट घालून, मांडीवर हॅम्स्टरचा पिंजरा घेऊन.
पोट दुखतं म्हणते.
खरंच दुखतं. मी हात ठेवून पाहिलंय,
लाकडासारखं झालेलं असतं.

मन चिंती ते वैरी न चिंती, मी म्हणालो,
आमच्याकडे म्हणायचे तसं.
तिने विचारलं, वैरी कोण?

शाळेतल्या मिसेस ओल्डहॅमनी तिला एक कागद दिलाय,
घड्यांवर फाटत आलेला.
विचार काय आला. पुरावा काय. आणखी काय असू शकेल.
विचार म्हणजे बातमी नव्हे, असं त्या म्हणाल्या म्हणे.
कैरवीने हे मला सावकाश समजावलं,
जणू मीच तिसरीत.
मी मान हलवली.
आणि त्याच संध्याकाळी बागेत
ती दांड्यांना लोंबकळली तर ओरडलो: पडशील!
घरी दूध ओतायला घेतलं: सांडशील.
हरवशील. भाजेल. राहून जाईल.
सगळा भविष्यकाळ असाच चालवला आम्ही तिच्यासमोर,
आणि 'कदाचित' हा शब्द
ती इंग्रजीतच शिकली.

शुक्रवारी दुपारी, मीटिंगमध्ये, फोन थरथरला. शाळेचा नंबर.
उचलायला चार सेकंद लागले.
चार सेकंदांत मी तिला झोपाळ्यावरून पाडलं,
डोकं फोडलं, अँब्युलन्स आणली,
साताऱ्याला कळवायचं कसं,
आधी कुठल्या मावसभावाला सांगायचं,
ते वाक्यसुद्धा जुळवून झालं.

क्लॅरिनेट घरी राहिलं होतं.

रात्री तिने विचारलं, फोन आला तेव्हा काय वाटलं तुला?
काही नाही, म्हणालो.
ती बघत राहिली,
ऑडिटला आलेल्या माणसासारखी.
मग सांगितलं. सगळं नाही. अँब्युलन्सपर्यंत.

ती उठली. माझ्या बॅगेतून कोरा तक्ता काढला,
पेन्सिलीने लिहिलं: शाळेतून फोन.
वाईट किती?
दहा, मी म्हणालो.
शक्यता?
मी गप्प.
पेन्सिलीचं टोक चावून तिने एक लिहिला.
शून्य का नाही? मी विचारलं.
खरंच विचारलं, कुणीतरी शून्य म्हणावं म्हणून.

तुझ्या तक्त्यात शून्य नसतंच बाबा,
तूच सांगितलंस.
एक असतो. तोच सगळ्यात लहान.

हॅम्स्टरचं चाक सुरू झालं होतं.
तिने त्याला सूर्यफुलाच्या चार बिया घातल्या,
मला दिवा मालवायला सांगितलं,
आणि अंधारात, बऱ्याच वेळाने:
उद्या पहिला शनिवार ना?
हो.
बूट पायरीवर ठेव.
घालायचे की नाही ते उद्या बघू.