पुकारा

कफ परेडला सहाव्या मजल्यावर माझी नोकरी,
दाराशी उभं राहून कंपन्यांची नावं पुकारण्याची.
कंत्राटी. गणवेश त्यांचा, बूट माझे.

माणसाला पुकारलं तर माणूस येतो,
निदान त्याचा खोकला तरी येतो.
कंपनीला पुकारलं की काळे डगले उठतात,
पाच इकडून, सात तिकडून,
आणि मधोमध, जिथे ती उभी राहायला हवी,
तिथे एसीचं पाणी ठिबकतं
मी ठेवलेल्या बादलीत.

कायदा वाईट नाही, हे आधी सांगतो.
पूर्वी म्हणे आजारी कारखाने वीस-वीस वर्षं
कुठल्याशा मंडळापुढे खाटेवर पडून असायचे;
मालक ऊस खायचा, कामगार चिपाडं मोजायचे.
आता दिवस मोजून दिलेत. एकशे ऐंशी,
आणि मागितले तर आणखी थोडे.
मालकाला खुर्चीवरून उठवतात,
तिथे एक सनदी गृहस्थ बसवतात,
आणि घेणेकऱ्यांना बजावतात
की दारात उभे राहा, कडी वाजवू नका.
याला मोरेटोरियम म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कोणीतरी गेलं.

शब्द पुष्कळ शिकलो इथे.
हेअरकट, उदाहरणार्थ.
बँकेचे वकील म्हणाले, ब्याण्णव टक्के हेअरकट मान्य,
तेव्हा गेटसमोरचा शिवराम न्हावी आठवला.
शंभरातले ब्याण्णव केस काढले
तर तोसुद्धा गिऱ्हाइकाला आरसा दाखवत नसे.

गेल्या मंगळवारी यादीत सतरा नंबरला
नेरूरकर कास्टिंग्ज, भांडुप.
मी कागद दोनदा पाहिला.
अकरा वर्षं तिथे भट्टीवर होतो,
टोकन एकशे बेचाळीस.
सकाळी सातला टाइमकीपर पालयेकर नंबर घ्यायचा
आणि मी म्हणायचो, हजर,
तोंडात अजून पाव.

पुकारलं. नेहमीच्याच आवाजात,
किंवा नसेलही.

सनदी गृहस्थ म्हणाले, यंत्रसामग्री सुस्थितीत,
भट्टी बंद, पण पेटवता येण्याजोगी,
खरेदीदार एकच आहे आणि त्याला जागा आवडली आहे.

साहेब, त्या भट्टीत काय आहे ते मला माहीत आहे.
शेवटच्या दिवशी दुपारी तीनला वीज कापली,
ब्लोअर थांबला, आत दीड टन लोखंड पातळ,
आणि बस्त्याव घोन्साल्विस ओरडत होता,
ओता रे, कशातही ओता,
साच्यात, वाळूत, जमिनीवर.
हाताला आलं तेवढं ओतलं.
बाकीचं आतल्या आत गोठलं.
याला आम्ही म्हणायचो, भट्टीत म्हैस बसली.
बसलेली म्हैस उठत नाही.
भट्टीच फोडावी लागते.

कामगारांच्या दाव्याचा वेगळा फॉर्म असतो.
नाव, रक्कम, पुरावा.
बस्त्यावच्या बायकोचा मीच भरून दिला होता,
माझा राहून गेला.
म्हशीला रकाना नव्हता.

पीठावरच्या बाईंनी चष्मा काढला,
त्या प्रत्येक वेळी काढतात असं नाही.
म्हणाल्या, कामगारांतर्फे कोणी?
डगल्यांनी एकमेकांकडे पाहिलं,
मग सगळ्यांनी माझ्याकडे,
कारण बाहेर जाऊन विचारायचं काम माझं.

गेलो. व्हरांड्यात एक चहावाला,
झेरॉक्सचे गठ्ठे, मोबाइलवर वाकलेला एक शिकाऊ पोरगा.
रिवाजाप्रमाणे तीनदा विचारलं,
नेरूरकर कास्टिंग्जच्या कामगारांतर्फे कोणी आहे का?
तिसऱ्या वेळी तो जुना शब्द
दातांपर्यंत आला. पावाची चवसुद्धा आली.
चहावाला म्हणाला, काय झालं काका?

आत आलो. मान खाली घालून म्हणालो,
कोणी नाही, मॅडम.
त्यांनी लिहून घेतलं.

बादली काठोकाठ भरली होती.
ती ओतून आलो,
आणि अठरा नंबर पुकारला.